सेवापुस्तकातील कोरी पाने

शाळेतील निरोपसमारंभ सर्वांच्या परिचयाचा असतो. शाल, श्रीफळ, एखादी चांदीची फ्रेम, माजी विद्यार्थ्यांची भाषणे आणि शेवटी दाटलेल्या कंठाने दिलेले उत्तर. पस्तीस वर्षे खडू हातात धरलेला माणूस सन्मानाने घरी जातो. परंतु महिना-दोन महिन्यांनी तोच माणूस शिक्षणाधिकारी कार्यालयातल्या लाकडी बाकावर हातात प्लॅस्टिकची पिशवी घेऊन बसलेला दिसतो. पिशवीत सेवापुस्तकाच्या छायाप्रती असतात आणि समोरच्या टेबलावर त्याचाच एखादा विद्यार्थी लिपिक म्हणून बसलेला असतो. "सर, तुमच्या १९९४ च्या वेतनवाढीची नोंद साक्षांकित नाही," असे तो संकोचाने सांगतो. सरांना १९९४ आठवत नाही. तेव्हाचे मुख्याध्यापक आज हयात नाहीत, आणि त्या काळचे हजेरीपट संस्थेच्या माळ्यावर पावसात भिजून गेलेले असतात.

महाराष्ट्रातील कोणत्याही जिल्ह्याच्या ठिकाणी हे दृश्य पाहता येते. ते आता इतके नित्याचे झाले आहे की त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. निवृत्त शिक्षकाने चपला झिजवायच्या, कार्यालयाने त्रुटी काढायच्या, आणि शेवटी प्रकरण मंजूर झाले की शिक्षकानेच पेढे घेऊन आभार मानायला जायचे, अशी एक रीत पडून गेली आहे. आपल्याच कष्टाचे वेतन पदरात पडले म्हणून आभार मानावे लागणे, यापरते अधिक लाजिरवाणे काय असू शकते?

वस्तुतः निवृत्तिवेतन ही सरकारची कृपा नव्हे, हा वाद केव्हाच निकालात निघालेला आहे. देवकीनंदन प्रसाद विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्येच निवृत्तिवेतन हा कर्मचाऱ्याचा हक्क आणि त्याची मालमत्ता असल्याचे मान्य केले. १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्याचा निकाल लागला आणि त्याने ही भूमिका अधिक भक्कम केली. पूर्वी केलेल्या सेवेचे ते मागे ठेवलेले वेतन आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. देशभरातील पेन्शनर आजही १७ डिसेंबर हा आपला दिवस म्हणून साजरा करतात. महाराष्ट्रातील खाजगी अनुदानित माध्यमिक शाळांतील शिक्षकांना तर १९६८ च्या शासननिर्णयाने निवृत्तिवेतनाच्या छत्राखाली आणले गेले होते. शाळा खाजगी संस्थेची असली तरी शिकणारी मुले समाजाची आहेत, तेव्हा शिकवणाऱ्याच्या म्हातारपणाची जबाबदारी शासनाने घ्यावी, असा विचार त्यामागे होता.

तत्त्व निर्विवाद असूनही व्यवहारात दुखणे का उरते? शाळा कर्मचाऱ्यांच्या मेळाव्यात विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांकडे बारकाईने पाहिले तर उत्तर सापडते. माझी सेवा कोणत्या तारखेपासून धरणार? मधल्या सहा महिन्यांचा सेवाखंड क्षमापित होईल का? वेतननिश्चिती चुकली असे आता सांगतात, वसुली होणार का? वर्गणीचे पैसे कापले, ते गेले कुठे? हे प्रश्न वरवर वेगवेगळे वाटतात. पण प्रत्येक प्रश्नाच्या मुळाशी एक अशी नोंद आहे, जी करण्याचे काम कर्मचाऱ्याचे नव्हतेच. ती संस्थेने, मुख्याध्यापकाने किंवा शासनाच्या कार्यालयाने करायची होती. चूक त्यांची, आणि शिक्षा मात्र निवृत्त माणसाला, असा हा उफराटा न्याय आहे.

कागद कोणाच्या हाती?

खाजगी शाळेतील कर्मचाऱ्याची अवस्था सरकारी कर्मचाऱ्यापेक्षा निराळी आहे. त्याची नेमणूक संस्था करते, तिला वैयक्तिक मान्यता शिक्षणाधिकारी देतो, पद राहील की जाईल हे संचमान्यता ठरवते, वेतन वेतनपथकातून निघते, वेतननिश्चितीची पडताळणी लेखाधिकारी करतो आणि निवृत्तिवेतनाचा अंतिम आदेश महालेखाकारांच्या कार्यालयातून येतो. इतक्या हातांतून फिरणाऱ्या कागदाचा एक कोपरा जरी फाटला तरी सगळे अडते. संस्थाचालकांत वाद असतील, दोन गट न्यासाच्या नोंदणीवरून भांडत असतील, तर मुख्याध्यापकाच्या सहीचा नमुनाच मान्य होत नाही आणि त्या वादाशी काडीचा संबंध नसलेल्या शिक्षकाचे प्रकरण पडून राहते.

नियमांनी यावर उपाय ठेवलेले नाहीत असेही नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ प्रमाणे निवृत्तीच्या दोन वर्षे आधीपासून कागदपत्रांची तयारी सुरू व्हायला हवी. नियत वयोमानानुसार निवृत्ती ही अपघाताने येणारी गोष्ट नाही. नेमणुकीच्या दिवशीच ती तारीख ठरलेली असते. खाजगी शाळेतील शिक्षक अठ्ठावन्नाव्या वर्षी आणि चतुर्थ श्रेणी कर्मचारी साठाव्या वर्षी निवृत्त होणार, हे १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीतच लिहिलेले आहे. मग प्रकरणाची जुळवाजुळव निरोपसमारंभानंतर का सुरू होते? अंतिम आदेशाला विलंब होणार असेल तर तात्पुरते निवृत्तिवेतन द्यावे, अशीही तरतूद नियमांत आहे. प्रशासकीय दिरंगाईमुळे उपदान रखडले तर त्यावर व्याज देण्याची सोय आहे, आणि ते व्याज दिरंगाई करणाऱ्यावर निश्चित करता येते. हे व्याज मागणारे शिक्षक मात्र विरळा. मुले शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला आपल्याच कार्यालयाविरुद्ध अर्ज करणे नको वाटते. शिवाय त्यातून राहिलेले कामही अडेल, अशी धास्ती असते. ही धास्ती निराधार म्हणता येत नाही, हेच खरे दुर्दैव आहे.

सर्वांत जिव्हारी लागते ती अतिप्रदानाची वसुली. तीस वर्षांपूर्वी कुणा लिपिकाने वरिष्ठ वेतनश्रेणीची तारीख चुकीची धरली, ती चूक पुढच्या प्रत्येक वेतन आयोगात मोठी होत गेली आणि निवृत्तीच्या तोंडावर पडताळणी पथकाने लाखाच्या घरातील रक्कम काढली. या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०१४ रोजी पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह या प्रकरणात दिलेला निकाल प्रत्येक शाळेच्या कार्यालयात लावून ठेवावा असा आहे. तृतीय व चतुर्थ श्रेणीतील कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात निवृत्त होणारे, तसेच पाच वर्षांहून अधिक काळ चुकीने जादा रक्कम मिळालेले, अशांकडून वसुली करता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. पण येथेही एक खाच आहे. २०१६ मध्ये जगदेव सिंग प्रकरणात त्याच न्यायालयाने, जादा रक्कम आढळल्यास परत करीन असे हमीपत्र कर्मचाऱ्याने दिले असेल तर त्याला या संरक्षणाचा आधार घेता येणार नाही, असा निर्वाळा दिला. आता सहाव्या आणि सातव्या वेतन आयोगाच्या वेळी वेतननिश्चितीच्या गठ्ठ्यात असे हमीपत्र घातलेले होते. स्टाफरूममध्ये मधल्या सुट्टीत, चहा पिता पिता, ते न वाचता त्यावर सही न करणारा शिक्षक शोधून सापडेल काय? मुलांना 'प्रश्न नीट वाचून मगच उत्तर लिहा' असे आयुष्यभर बजावणारी ही मंडळी स्वतःच्या सहीच्या बाबतीत मात्र तितकी सावध नसतात.

निवृत्तिवेतनाच्या हिशेबाविषयीही असेच अज्ञान आढळते. जुन्या योजनेत असलेल्या कर्मचाऱ्याचे अखेरचे मूळ वेतन ७०,००० रुपये असेल आणि अर्हताकारी सेवा वीस वर्षांहून अधिक असेल, तर त्याचे निवृत्तिवेतन ३५,००० रुपये होते. त्यातील जास्तीत जास्त ४० टक्के, म्हणजे १४,००० रुपयांचे अंशराशीकरण करून एकरकमी पैसे घेता येतात आणि दरमहा हाती २१,००० राहतात. महागाई वाढ मात्र २१,००० वर नव्हे, तर मूळ ३५,००० वरच मिळते, आणि पंधरा वर्षांनी विकलेला भाग पुन्हा सुरू होतो. ही साधी गोष्ट ठाऊक नसल्याने कित्येक जण अंशराशीकरणाला उगाच घाबरतात, तर कित्येक जण पंधरा वर्षे उलटून गेली तरी बँकेत विचारणा करीत नाहीत. उपदानाची कमाल मर्यादा राज्यात १४ लाख होती, ती १ सप्टेंबर २०२४ पासून २० लाख झाली. त्या तारखेच्या आदल्या दिवशी निवृत्त झालेल्यांनी नशिबाला बोल लावला असणार. मर्यादा बदलताना कुठेतरी रेघ ओढावीच लागते, हे समजून घेता येते. पण रेघ माणसाच्या सेवेत नसून भलत्याच ठिकाणी ओढली गेली तर काय होते, याचे उदाहरण याहून फार गंभीर आहे.

एक नोव्हेंबरची रेघ

३१ ऑक्टोबर २००५ च्या शासननिर्णयाने महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना आली. त्या दिवशी किंवा त्यानंतर सेवेत येणाऱ्यांना जुने निवृत्तिवेतन नाही, त्यांच्या वेतनातून दहा टक्के कापायचे आणि तितकीच रक्कम शासनाने घालायची, असे तिचे स्वरूप होते. केंद्राने हाच मार्ग १ जानेवारी २००४ पासून धरला होता. राज्यांच्या तिजोरीवरचा निवृत्तिवेतनाचा भार वाढत चालला होता आणि आयुर्मानही वाढत होते. तेव्हा काहीतरी करणे भाग होते, हे शासनाचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. पुढची पिढी आजच्या निवृत्तांचा भार किती काळ वाहणार, हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारलाच पाहिजे. नव्याने सेवेत येणाऱ्याला आधीच सांगून वेगळी शर्त घातली, तर त्यात फसवणूक नाही.

खाजगी शाळांत मात्र घडले ते निराळे. २९ नोव्हेंबर २०१० रोजी, म्हणजे योजना सुरू झाल्यावर तब्बल पाच वर्षांनी, शालेय शिक्षण विभागाचा निर्णय आला. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी शंभर टक्के अनुदानावर असलेल्या शाळांतील कर्मचाऱ्यांनाच जुनी योजना. त्या दिवशी विनाअनुदानित किंवा अंशतः अनुदानित असलेल्या शाळांतील कर्मचाऱ्यांना नवी, मग त्यांची नेमणूक आधीची असली तरी. याचा अर्थ नीट समजून घ्यावा लागेल. एकाच गावातल्या दोन शाळांत २००२ च्या जून महिन्यात दोन तरुण रुजू झाले असे समजा. दोघांची पदवी तीच, नियम तेच, मान्यता देणारा अधिकारीही तोच. एकाची शाळा पूर्ण अनुदानावर होती, दुसऱ्याची त्या वेळी चाळीस टक्क्यांवर होती आणि २००८ मध्ये पूर्ण अनुदानावर आली. पहिल्याला निवृत्तीनंतर अखेरच्या वेतनाच्या निम्मे, वर महागाई वाढ, आणि पश्चात पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन. दुसऱ्याच्या हाती बाजाराच्या चढउतारावर वाढलेली शिल्लक. दोघांत भेद कशाचा? तर शाळेच्या अनुदानाच्या टक्केवारीचा. तो टक्का ठरवणे त्या तरुणाच्या हाती होते काय? उलट दुसऱ्याने तर आपल्या उमेदीची वर्षे तुटपुंज्या वेतनावर काढली होती. ज्याने अधिक सोसले, त्यालाच कमी दिले गेले.

या उलट बाजूने २ फेब्रुवारी २०२४ चा शासननिर्णय पाहावा. ज्या पदांची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी निघाली, पण उमेदवार नंतर रुजू झाले, अशा राज्य शासकीय कर्मचाऱ्यांना जुनी योजना स्वीकारण्याचा एकवेळचा पर्याय देण्यात आला. नेमणुकीला झालेला उशीर हा उमेदवाराचा दोष नव्हे, हे त्यामागचे तत्त्व आहे आणि ते योग्यच आहे. मग जो माणूस त्या तारखेच्या आधीच वर्गात उभा होता, त्याला हेच तत्त्व लागू का पडू नये? जाहिरात आधीची असली तरी चालते, आणि प्रत्यक्ष सेवा आधीची असून चालत नाही, हा तर्क कोणत्याही शाळकरी मुलाला समजावून सांगता येणार नाही.

मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी राज्यभर संप झाला. १४ तारखेपासून आठवडाभर कार्यालये आणि शाळा ओस पडल्या. ऐन परीक्षांच्या दिवसांत झालेल्या या संपाबद्दल पालकांत नाराजी होती आणि ती समजण्यासारखी होती. संपानंतर समिती नेमली गेली, आणि १ मार्च २०२४ पासून सुधारित राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेचा पर्याय पुढे आला. वीस वर्षे सेवा झालेल्यास अखेरच्या वेतनाच्या पन्नास टक्के, त्यावर महागाई वाढ, आणि पश्चात कुटुंबाला त्याच्या साठ टक्के, असे तिचे ढोबळ रूप आहे. केंद्रानेही ऑगस्ट २०२४ मध्ये एकीकृत योजना मंजूर करून १ एप्रिल २०२५ पासून अमलात आणली. भांडण पुष्कळसे निवळले, असे मंत्रालयात वाटले असावे. पण शाळांतील कर्मचाऱ्यांपुढचा प्रश्न पुन्हा तोच उभा राहतो: ही वीस वर्षे कोणत्या दिवसापासून मोजायची? विनाअनुदानित तत्त्वावर दहा-पंधरा वर्षे काढून, २०१६ मध्ये २० टक्के, मग ४०, मग ६० अशा टप्प्यांनी अनुदानाची वाट चढणारे हजारो शिक्षक आज पन्नाशीच्या आसपास आहेत. जुलै २०२५ मध्ये पुढच्या टप्प्यासाठी त्यांना आझाद मैदानावर पावसात बसावे लागले आणि १ ऑगस्टपासून वाढीव वीस टक्के मंजूर झाले. त्यांची अनुदानाची सेवाच धरायची तर वीस वर्षे पूर्ण होण्याआधी ते अठ्ठावन्न वर्षांचे होतील.

यात सर्वांत बिकट अवस्था झाली ती सेवेत असताना मृत्यू आलेल्यांच्या घरच्यांची. अंशदान योजनेत कुटुंब निवृत्तिवेतन नव्हते. घरातला कर्ता गेला, मुले शाळेत, आणि हाती आली ती खात्यावरची शिल्लक. कित्येक प्रकरणांत तर कपात झालेल्या वर्गणीच्या नोंदीच जुळत नव्हत्या. २०१८ मध्ये दहा वर्षांहून कमी सेवेत मृत्यू झाल्यास दहा लाखांचे सानुग्रह अनुदान देण्याचे ठरले आणि ३१ मार्च २०२३ च्या निर्णयाने कुटुंब निवृत्तिवेतनाचा मार्ग मोकळा झाला. म्हणजे जे सुरुवातीलाच सुचायला हवे होते, ते सुचायला साडेसतरा वर्षे लागली. या काळात ज्या विधवांनी शिवणयंत्रावर घर चालवले, त्यांचा हिशेब कोणत्याच निर्णयात नाही.

घंटा वाजवणारा हात

शाळा कर्मचारी म्हटले की समाजाच्या डोळ्यांपुढे शिक्षकच येतो. लिपिक, ग्रंथपाल, प्रयोगशाळा परिचर आणि शिपाई यांची आठवण होते ती दाखला हवा असतो तेव्हा किंवा नळाला पाणी नसते तेव्हा. ११ डिसेंबर २०२० च्या शासननिर्णयाने अनुदानित शाळांतील चतुर्थ श्रेणीची पदे निवृत्तीनंतर पुन्हा न भरता, त्याऐवजी शाळेला ठोक शिपाई भत्ता देण्याचे धोरण आणले. ग्रामीण भागात महिना पाच हजार, मोठ्या शहरांत दहा हजार. आज कामावर असलेल्यांची पदे त्यांच्या निवृत्तीपर्यंत राहतील, हे खरे. पण पाच हजारांत जो माणूस सकाळी सहाला फाटक उघडेल, पाण्याची टाकी धुईल, घंटा वाजवील, मुलींच्या शाळेत दिवसभर दारावर उभा राहील, त्याच्या निवृत्तीचा प्रश्नच उद्भवत नाही. त्याला सेवापुस्तकच असणार नाही. एकीकडे मुलांच्या सुरक्षेवर परिपत्रकामागून परिपत्रके काढायची आणि दुसरीकडे फाटकावरचा विश्वासू माणूस रोजंदारीवर आणायचा, या दोन गोष्टी एका विभागाच्या एकाच इमारतीत कशा नांदतात, हे कोडेच आहे.

पूर्णतः विनाअनुदानित शाळांतील स्थिती तर बहुतेकांना ठाऊकच नसते. 'आम्हाला काय मिळणार?' असे म्हणून तेथील शिक्षक गप्प बसतात. वास्तविक २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक हा उपदान कायद्याच्या व्याख्येत बसत नाही असे म्हटल्यावर, संसदेने २००९ मध्ये कायदाच दुरुस्त केला आणि ती दुरुस्ती ३ एप्रिल १९९७ पासून लागू केली. खाजगी शाळांनी तिला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०२२ रोजी फेटाळून लावले. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला, तरी पाच वर्षे सलग सेवा केलेल्या नियमित शिक्षकाचा उपदानाचा हक्क कायम आहे, आणि मुदतबंद नेमणुकीसाठी तर आता एक वर्षाची सेवाही पुरते. दरवर्षी एप्रिलमध्ये सेवामुक्त करून जूनमध्ये पुन्हा नेमणूक देण्याची काही संस्थांची जी चतुराई आहे, ती याच हक्काला बगल देण्यासाठी असते. भविष्य निर्वाह निधीच्या निवृत्तिवेतनाबद्दल न बोललेलेच बरे. सप्टेंबर २०१४ मध्ये त्याची किमान रक्कम महिना १००० रुपये ठरली, ती पाहून निवृत्त माणसाने औषध घ्यावे की किराणा?

सेवेत असतानाचे जाचही निवृत्तीपर्यंत सावलीसारखे मागे येतात. वरिष्ठतासूची वेळेवर प्रसिद्ध न करता मर्जीतल्याला पर्यवेक्षक नेमले, तर डावलल्या गेलेल्या शिक्षकाला १९७७ च्या कायद्याखाली शाळा न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. मुदत मात्र अवघी तीस दिवसांची. 'संस्थेशी भांडण नको' म्हणत तो वर्ष काढतो आणि मग त्याचे नुकसान अखेरच्या वेतनात, पर्यायाने मरेपर्यंत निवृत्तिवेतनात उतरते. दहा किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक शाळेत २०१३ च्या कायद्याप्रमाणे महिलांच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी; अनेक ठिकाणी ती केवळ फलकावरच्या नावांपुरती असते. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, निवडणुका आणि आपत्तिनिवारण यांव्यतिरिक्त इतर अशैक्षणिक कामे शिक्षकांवर लादण्यास मनाई केली आहे, तरी सर्वेक्षणे आणि ऑनलाइन माहिती भरण्याचा ससेमिरा काही सुटत नाही.

त्यात १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा पात्रता परीक्षेविषयीचा निकाल आला. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावे, अन्यथा सेवा सोडावी किंवा सक्तीने निवृत्त केले जावे, असा त्याचा आशय आहे. पाच वर्षांहून कमी सेवा उरलेल्यांची नोकरी राहील, पण परीक्षेविना पदोन्नती नाही. शिक्षकाची गुणवत्ता तपासली जावी, याला कुणाचा विरोध असण्याचे कारण नाही. मुलांचा हक्क सर्वांआधी येतो. तथापि, पंचवीस वर्षे शिकवलेल्या माणसाला परीक्षेला बसवताना त्याची तयारी करून घेण्याची जबाबदारी कुणी घेणार की नाही? न्यायालयाने सक्तीने निवृत्त होणाऱ्यास अंतिम लाभ मिळतील असे म्हटले आहे, पण त्यासाठी अर्हताकारी सेवा पूर्ण झालेली असावी, अशी अट आहे. ती सेवा मोजायला बसले की पुन्हा तीच सेवापुस्तके आणि त्यांतली तीच कोरी पाने.

त्याग कुणी करायचा?

शाळा कर्मचाऱ्याने वेतनाविषयी तोंड उघडले की त्याला त्यागाची आठवण करून दिली जाते. लोकमान्य टिळक, आगरकर, चिपळूणकर यांच्या न्यू इंग्लिश स्कूलचे उदाहरण हटकून येते. ते उदाहरण देणाऱ्यांनी इतिहास पुढेही वाचावा. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत आजीव सदस्यांच्या वेतनावरून आणि बाहेरच्या मिळकतीवरूनच मोठा वाद झाला. १८९० मध्ये टिळक संस्थेतून बाहेर पडले, ते याच तात्त्विक मतभेदापायी. संस्थेबाहेर अर्थार्जन नको, ही त्यांची बाजू; संसार चालवायचा तर काही मोकळीक हवी, ही दुसरी. दोन्ही बाजूंची माणसे मोठी होती आणि वेतनाचा प्रश्न उघडपणे, लेखी मांडण्यात त्यांपैकी कुणालाही कमीपणा वाटला नाही. त्यांचा त्याग स्वेच्छेचा होता आणि किती करायचा हे त्यांनीच ठरवले होते. दुसऱ्याने आपल्या नावावर परस्पर मांडलेला त्याग हा त्याग नसून कपात असते.

समाजहिताच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या संस्थांनी तरी हा भेद ओळखायला हवा. आपल्या शाळेतील मुलांना संस्कार मिळतात याचा अभिमान बाळगणाऱ्या संचालक मंडळाने आपल्याच लिपिकाचे सेवापुस्तक किती वर्षांत उघडले नाही, हे एकदा विचारावे. शासनाकडे बोट दाखवणे सोपे आहे आणि बहुतांशी रास्तही. परंतु वैयक्तिक मान्यतेचा प्रस्ताव वेळेत न पाठवणे, बिंदुनामावली अद्ययावत न ठेवणे, रजेच्या नोंदी न करणे ही पापे मंत्रालयातली नाहीत. २०२५ मध्ये नागपूर विभागात बनावट शालार्थ आयडींचे प्रकरण उघडकीस आले. न नेमलेल्या माणसांच्या नावे वेतन निघत होते, अधिकाऱ्यांना अटक झाली. बनावट कागद इतका सुबक आणि खऱ्या सेवेचा कागद इतका अपुरा, ही त्या प्रकरणाची सर्वांत विदारक बाजू होती. त्यानंतर कागदपत्रांची छाननी कडक झाली आणि तिचा काच खऱ्या कर्मचाऱ्यांनाही बसू लागला आहे.

करण्यासारखे काही आहे आणि त्याला कोणत्याही नव्या योजनेची गरज नाही. सेवापुस्तक दरवर्षी कर्मचाऱ्याला दाखवून त्याची सही घ्यावी, ही अपेक्षा नियमांत पूर्वीपासून आहे. जूनमध्ये शाळा उघडते. पहिल्या आठवड्यात वह्यापुस्तके, गणवेश, वेळापत्रक यांची धांदल असते. जुलैतल्या एखाद्या शनिवारी मात्र दुपारनंतर शाळा मोकळी असते. त्या दिवशी मुख्याध्यापकाने कपाट उघडावे, प्रत्येकाला त्याचे पुस्तक हातात द्यावे, वेतनवाढ, रजा, नामनिर्देशन, वर्गणीचा खातेउतारा एकेक करून तपासू द्यावा आणि दुय्यम प्रत घरी नेऊ द्यावी. ज्यांच्या निवृत्तीला दोन वर्षे उरली आहेत त्यांची यादी त्याच दिवशी फलकावर लावावी. आणि या कामाची सुरुवात शिपायापासून करावी. कारण त्याने आपले सेवापुस्तक आजवर कधी पाहिलेले नसण्याचीच शक्यता अधिक, आणि ते मागण्याचे धैर्यही त्याच्यापाशीच सर्वांत कमी असते.